लेकीच्या नावाने विश्वस्तपत्र करताना

लेकीला लग्नात सदनिका आणि मुदत ठेव विश्वस्तांमार्फत द्यायचा तुझा विचार मला मनापासून पटला; मात्र सासरच्या मागणीवरून दिलेले काहीही हुंडाच ठरते, तेवढे सांभाळ. सदनिकेसाठी १८८२ च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे नोंदणीकृत दस्त लागतो, म्हणून बैठकीतल्या शब्दावर विसंबू नकोस.

खरा विचार विश्वस्तांचा कर. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही मानाने तिघे वडीलधारे नेमले आणि दस्तात वेगळी तरतूद केली नाही, त्यामुळे प्रत्येक कागदावर तिघांच्याही सह्या लागत. भाच्याच्या फीसाठी ठेव मोडायची होती, तेव्हा बँकेचा एकच अर्ज पुणे, दिल्ली, नागपूर असा दीड महिना फिरत राहिला. तू दोघांच्या सहीने व्यवहार होतील, असे स्पष्ट लिहून घे. कर्जात बुडालेला, परदेशी स्थायिक झालेला किंवा त्याच सदनिकेत स्वतःचा हितसंबंध असलेला माणूस, सख्खा असला तरी, नेमू नकोस. काम एकदा स्वीकारले की सज्ञान लाभार्थीची संमती, न्यायालयाची परवानगी किंवा दस्तातील तरतूद यांवाचून अंग काढून घेता येत नाही, हे त्यांना सहीपूर्वीच सांग, आणि मसुदा लेकीला स्वतः वाचू दे.