साडूंची गाणी आणि तुमचा शेरा

प्रश्न : साडूंच्या नातीच्या बारशाला साउंडवर कोळीगीतांचं रिमिक्स चालू होतं. जेवताना मी म्हणालो, "लोक असलं ऐकतात तरी कसं? जरा अभिरुची सुधारा." तेव्हापासून साडू माझा फोन घेत नाहीत. नावं ठेवली ती गाण्याला, त्यांना नाही. कुणाच्या आवडीवर टीका म्हणजे त्याचा अपमान का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गाण्याला खुशाल नावं ठेवा. पण तुमच्या वाक्यात गाणं आहे कुठे? ना चाल, ना शब्द, ना ठेका. आहेत ते ऐकणारे 'लोक', तेही त्यांच्याच घरी, पाहुण्यांदेखत. साडूंना राग आला तो योग्यच.

मी गाणं शिकवते. माझ्याकडची मुलं रिमिक्स ऐकतच वाढलेली. त्यांना मी स्पष्ट सांगते, कोळीगीताची लय कशी होडीसारखी डुलते बघा, आणि वर मशीनचा ठोका आदळला की ढोलकी कशी बुडते तेही ऐका. मुलं तावातावाने भांडतात, पण रुसत कुणी नाही.

आपल्याकडे आवडीवरचा शेरा फार लवकर जातीवर, वस्तीवर जातो, म्हणून मला याची काळजी वाटते. लावणी हलकी म्हणता म्हणता ती गाणाऱ्या बायकांनाच हलकं ठरवलं गेलं. गणपतीत प्रल्हाद शिंदेंचा आवाज हवा, पण त्यांचीच भीमगीतं लागली की खिडक्या बंद, अशी घरं मी पाहिली आहेत.

बाळकृष्ण केसकर १९५२ पासून दहा वर्षं केंद्रात नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचं खरं प्रेम. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण श्रोत्यांची अभिरुची सुधारायची म्हणून त्यांनी सिनेगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. श्रोते सुधारले नाहीत, ते श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावून अमीन सयानींची सिनेगीतांची गीतमाला ऐकू लागले. शेवटी १९५७ साली विविध भारती काढून तीच गाणी परत आणावी लागली.

साडू फोन घेत नाहीत, तर घरी जा. पंगतीत बोललात त्याबद्दल माफी मागा, तीही सगळ्यांसमोर. गाण्याबद्दलचं मत मात्र मागे घेऊ नका. मूळ कोळीगीत आणि ते रिमिक्स दोन्ही लावा आणि कुठे काय खटकतं ते दाखवा. "मला हेच आवडतं," असं ते म्हणाले, तर चहा घ्या आणि आणखी एक गाणं लावायला सांगा.