कॅम्परव्हॅन केवढी घ्यावी? आधी सोसायटीचं गेट मोजा

तुम्ही दोघं, शाळेतली दोन मुलं आणि अधूनमधून आजी. राहायला कोथरूडला, फिरणं बहुतेक कोकणात. एवढ्यासाठी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, घेताना फोर्सची मोठी ट्रॅव्हलर ४०२० घ्यावी की छोटी ३३५० पुरेल, असं तुम्ही विचारलंय. मी तीन वर्षं मोठी वापरली, आता छोटी वापरतो. माझं मत स्पष्ट आहे: ३३५० घ्या.

हे आकडे गाडीच्या लांबीचे नाहीत, व्हीलबेसचे म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचे आहेत, मिलिमीटरमध्ये. प्रत्यक्षात छोटी साडेपाच मीटरच्या आसपास भरते आणि मोठी सात मीटरच्या. म्हणजे चाकांमधलं अंतर वाढतं ६७ सेंटिमीटर, पण लांबी वाढते जवळपास दीड मीटर. उरलेली बरीचशी लांबी मागच्या चाकांच्या मागे लोंबते आणि खरा त्रास तीच देते. ताम्हिणीतल्या वळणावर तुम्ही स्टिअरिंग डावीकडे फिरवता तेव्हा गाडीचं ढुंगण उजवीकडे झुकतं, नेमकं समोरून येणाऱ्याच्या अंगावर.

जेटीवर तर आणखी पंचाईत. जयगडहून तवसाळला जायला आम्ही भर ओहोटीत फेरीबोटीवर गाडी चढवत होतो. मागची चाकं उतारावर आणि पुढची बोटीच्या फळीवर चढलेली, त्यात मागचा भाग काँक्रीटला घासला आणि खाली बसवलेल्या सांडपाण्याच्या टाकीचा नळ तुटला. मुलं घाबरली, मागे रांग लागली. छोटी गाडी घेतल्यापासून त्याच बोटीने अनेकदा गेलोय, एकदाही घासली नाही. तरीही भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघतो.

पण सगळ्यात आधी बघा ती घरची जागा. कितीही हौस असली तरी नोकरी-शाळा सांभाळून वर्षाला चाळीस रात्री बाहेर झाल्या तर डोक्यावरून पाणी. बाकीच्या सव्वातीनशे रात्री गाडी कोथरूडलाच असणार. सोसायटीत आखलेली जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटरची असते. छोटी गाडी तिथे अर्धा मीटर बाहेर राहते, कडेची जागा असेल तर कमिटीशी बोलून जमतं. दोन मीटर बाहेर आलेली गाडी कुणीच चालवून घेत नाही, आणि त्यांचं चूकही नाही. मग रस्त्यावर लावायची, तर तिथे पी-१, पी-२ म्हणजे सम-विषम तारखांचं पार्किंग. तारीख बदलली की बाजू बदला. मला शेवटी शहराबाहेर भाड्याने जागा घ्यावी लागली आणि गाडी तासाभराच्या अंतरावर गेली. शुक्रवारी संध्याकाळी मनात आलं आणि निघालो, हे संपलं. कॅम्परव्हॅन घ्यायची ती त्याचसाठी ना?

म्हणून बुकिंगआधी एक रविवार द्या. पार्किंगमध्ये रांगोळीने गाडीचा आकार आखा, आरशांसाठी दोन्ही बाजूंना वीतभर सोडा आणि तो आठवडाभर राहू द्या. मग उंची. छतावर एसी बसवला की किमान वीस-पंचवीस सेंटिमीटर वाढतात, सौर पॅनेलचे आणखी थोडे. हे सगळं धरून गाडीच्या एकूण उंचीएवढा बांबू घेऊन गेटची कमान, स्टिल्टची तुळई, गल्लीतल्या केबलच्या तारा आणि गुलमोहराच्या फांद्या यांच्याखालून चालून बघा. मॉलच्या तळघरातलं पार्किंग दोन्ही गाड्यांना बंदच, ते धरूच नका.

लायसन्सचा मुद्दा फार मोठा नाही. साडेसात हजार किलोच्या आतल्या दोन्ही गाड्या एलएमव्हीत, म्हणजे हलक्या वाहनांच्या लायसन्समध्ये, बसतात. मात्र साधी प्रवासी गाडी घेऊन गॅरेजात फर्निचर ठोकून घेऊ नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्यापेक्षा वेगळे बदल चालत नाहीत आणि मोटर कॅराव्हॅनसाठी (कायद्याच्या भाषेत कॅम्परव्हॅन) एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बांधून देणाऱ्याकडे त्या मंजुरीचे कागद आधी मागा. वजनही विचारा: शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, शिवाय प्लायवूड, बॅटऱ्या आणि गॅसची टाकी. सगळं मागच्या अ‍ॅक्सलवर आलं तर घाटात गाडी नीट वळत नाही.

राहिला झोपण्याचा प्रश्न. मागे आडवा पलंग, समोर टेबल पाडून होणारा दुसरा, चौघं नीट मावतात. आजींसाठी पाचवी फळी काढू नका. त्यांना रात्री उठावं लागतं, पायरी उंच असते, गुडघे साथ देत नाहीत. माझ्या सासूबाई येतात तेव्हा आम्ही गुहागर-वेळणेश्वरकडे घरगुती निवासात एक खोली घेतो आणि यजमानांना विचारून गाडी त्यांच्याच अंगणात लावतो. साडेपाच मीटरची गाडी कोकणातल्या बहुतेक अंगणांत मावते.