चिठ्ठी कुणाला द्यायची हे कबुतराला कसं कळायचं?

तुम्ही विचारलंय की चिठ्ठी कुणाकडे न्यायची हे कबुतराला कसं सांगत असत. सांगत नसत. कबुतराला आयुष्यभर एकच पत्ता ठाऊक असतो, तो म्हणजे स्वतःच्या ढाबळीचा. म्हणून निरोप जिथे पोचायला हवा तिथलंच कबूतर आधी टोपलीत घालून सोबत न्यायचं, वेळ आली की पायाला चिठ्ठी बांधून सोडायचं. ते घरी जातं, चिठ्ठी आपोआप पोचते.

लहानपणी आमच्या काकांची गच्चीवर ढाबळ होती. त्यांनी एक जोडी पलीकडच्या गावात विकली. नव्या मालकाने महिनाभर कोंडून, दाणे घालून सोडली, तर संध्याकाळी जोडी आमच्या गच्चीवर हजर! दोनदा नेऊन दिली, दोनदा परत आली. शेवटी काकांनी पैसे परत केले. जाणते लोक म्हणूनच मोठी कबुतरं विकत घेऊन उडवत नाहीत. ती जोड लावायला ठेवतात आणि त्यांची पिल्लं उडवतात.

आता वाट कशी सापडते ते. दिशा मुख्यतः सूर्यावरून कळते, पण सूर्य दिवसभर सरकत असतो, त्यामुळे त्यासाठी अंगात घड्याळ लागतं. बंद खोलीत दिव्यांच्या मदतीने कबुतराचा दिवस सहा तास सरकवला आणि मग उन्हात सोडलं, तर ते साधारण ९० अंश चुकीच्या दिशेला निघतं. ढगाळ दिवशी पृथ्वीचं चुंबकत्व उपयोगी पडतं. विल्यम कीटन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये पाठीवर लोहचुंबक बांधून कबुतरं सोडली, तेव्हा उन्हात ती घरी आली, ढगाळ हवेत मात्र गोंधळली. (चोचीतल्या लोहकण असलेल्या पेशींमुळे कबुतराला चुंबकत्व जाणवतं, ही गोष्ट अजून सगळीकडे सांगतात; पण त्या नुसत्या रोगजंतू गिळणाऱ्या पेशी आहेत, असं २०१२ मध्ये दिसलं.)

पण नुसती दिशा कळून काय उपयोग? आपण घराच्या कुठल्या बाजूला आहोत हेही कळायला हवं. इटलीत पिसा इथे फ्लोरियानो पापी या शास्त्रज्ञाने कबुतरांची वासाची नस कापली, तर अनोळखी जागेवरून त्यांना घर सापडेना. वाऱ्यावर येणाऱ्या वासांतून ती आपली जागा ओळखतात, हे मत तेव्हापासूनचं. त्यावर अजून वाद आहेत, मला मात्र ते पटतं. आणखी एका प्रयोगात डोळ्यांवर धूसर भिंगं बसवली होती. काही मीटरांपलीकडचं दिसत नसतानाही काही कबुतरं ढाबळीच्या अगदी जवळ येऊन उतरली. हे वाचलं तेव्हा मला ती जोडी आठवली.

आपल्या देशात हे काम ओडिशा पोलिसांनी सर्वांत मनापासून केलं. १९४६ मध्ये लष्कराकडून कबुतरं घेऊन त्यांनी डाक सुरू केली, तिचं मुख्य ठाणं कटकला. १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी संबलपूरहून कटकला निरोप धाडला तो याच कबुतरांकरवी. १९८२ च्या पुरात बांकी गावाचा संपर्क तुटला, तेव्हाही हीच धावून गेली.

कबूतर फक्त घराकडेच जातं, या एकमार्गी डाकेवर ओडिशा पोलिसांनी तोडही काढली होती. राहायची जागा एकीकडे आणि दाणापाणी दुसरीकडे, अशी सवय लावायची. मग तेच पाखरू भुकेसाठी तिकडे जायचं आणि पोट भरलं की उत्तर घेऊन घरी यायचं.