कबचं इंजिन हवेत मंदावतंय? आधी टाकीचं झाकण बघा

तुमच्या पायपर जे-3 कब या छोट्या विमानाचं इंजिन उड्डाणानंतर वीसेक मिनिटांनी दोनशे आरपीएमने (मिनिटाला दोनशे फेऱ्यांनी) मंदावतं, खाली आल्यावर पुन्हा ठणठणीत चालतं, आणि इंधन-हवा मिसळणारा कार्बोरेटर दोनदा उघडूनही दोष सापडला नाही. तिसऱ्यांदा उघडू नका. टाकीचं झाकण हातात घ्या.

कबला इंधनपंप नाही. 12 गॅलनची, म्हणजे सुमारे 45 लिटरची टाकी आणि तिच्यातून निव्वळ उंचीच्या जोरावर खाली येणारं इंधन, एवढंच. ही उंची अर्धा मीटर धरली, तर तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम साडेतीन टक्के भरतो. गेलेल्या इंधनाची जागा हवेने घेतली नाही आणि टाकीतला दाब तेवढा घटला, की प्रवाह बंद. अर्धी टाकी असेल तर पाऊण लिटर जायचा अवकाश. कबचं ए-65 इंजिन तासाला साधारण पंधरा लिटर पितं, म्हणजे तीनच मिनिटं! तुमचं वीस मिनिटं टिकतंय, त्याअर्थी हवेची वाट पूर्ण बंद नाही, अर्धवट चोंदली आहे. हे जास्त धोक्याचं, कारण जमिनीवर कमी आरपीएमला तेवढी हवा पुरते आणि सगळं ठीक वाटतं.

कबची टाकी झाकणातल्या भोकातूनच श्वास घेते. माझ्या 1946 च्या कबवर आधी कुणीतरी झाकणाला सुंदर पिवळा रंग दिला होता आणि त्याच रंगाने भोक निम्मं बुजलं होतं. ते शोधायला मला अख्खा उन्हाळा लागला. पॉलिशचं मेण, धूळ, कुंभारीण माशीची माती, काहीही असू शकतं. इंधन दाखवणारी तार झाकणात घासत असेल तर तीही सरळ करून घ्या, आणि तारेखालचं, इंधनावर तरंगणारं बूच भुगा होऊ लागलंय का ते पाहा.

कार्बोरेटरमधला बर्फही हुबेहूब असाच फसवतो, तोही उतरेपर्यंत वितळून गेलेला असतो. म्हणून आरपीएम उतरताच आधी कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढा आणि उतरायची तयारी करा. इंजिन थोडं खडखडून सावरलं तर बर्फाचा संशय घ्या. उतरल्यावर लगेच झाकण सैल करा. हवा 'स्स' करून आत ओढली गेली, तर दोष तिथेच आहे.

मग मेकॅनिकसोबत प्रवाह मोजा. हँगरबाहेर, विमान आणि धातूची बादली तारेने जोडून, अग्निशामक शेजारी ठेवून. कार्बोरेटरपाशी नळी सोडा आणि आधी झाकण लावून, मग काढून, दोन्ही वेळा दहा-दहा मिनिटं मोजा. झाकण लावल्यावर धार हळूहळू बारीक होत गेली तर आणखी पुरावा नको. गुरुत्वावर चालणाऱ्या प्रणालीत टेकऑफला लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट प्रवाह हवा, त्याहून कमी असेल तर उडू नका.

भोक ड्रिलने मोठं करण्याचा मोह होईल, पण प्रमाणित विमानावर ते करू नका. तसंच दिसायला सारखं म्हणून ट्रॅक्टरचं झाकणही बसवू नका. त्यातली काही पूर्ण बंद असतात. दोन्ही मोजमापं झाली की आकडे मला कळवा, नळीत आणि गाळणीत आणखी काही अडलंय का ते त्यावरून सांगता येईल.