कडप्प्याचा ओटा आणि जमिनीखालची नदी

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही औशाच्या चौघी मैत्रिणी, दोघी रिटायर, एक अंगणवाडीत आणि एकीची मुलगी कॉलेजात भूगोल घेऊन शिकतेय. खरोसा, धाराशिव, वेरूळ सगळ्या लेण्या पायी फिरून झाल्या. आता मुलगी म्हणते की ह्या सगळ्या माणसानं कोरलेल्या, पाण्यानं कोरलेली गुहा बघायचीय, पुस्तकात कार्स्ट म्हणून धडा आहे तसली. आमच्यापैकी कुणाकडंच गाडी नाही आणि भाड्याची गाडी परवडत नाही. एसटी-रेल्वेनं जमेल का, आणि नुसतं तिकीट काढून गुहा बघून परत असं नको, थोडं चालायला पण मिळावं.
– एक वाचक, औसा

उत्तर : जमतं, मी स्वतः दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा एसटी, रेल्वे आणि आंध्रची लाल बस एवढ्यावरच, त्यामुळं खात्रीनं सांगते.

आधी मुलीसाठी एक गोष्ट. घरात ओटा कडप्प्याचा असेल तर त्याच्या कोपऱ्यावर अर्ध्या लिंबाचे चार थेंब टाकून ठेवायला सांगा आणि तासाभरानं पुसायला. काळ्या चकचकीत दगडावर तिथं निस्तेज, पांढुरका डाग राहिलेला दिसेल आणि बोट फिरवलं तर खरखरीत लागेल. आई ओरडेल, पण धडा समजेल. कडप्पा म्हणजे चुनखडक, आणि चुनखडक आंबटात विरघळतो. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, लिंबाच्या मानानं काहीच नाही, पण त्याला घाई नसते, भेगेतून मुरत मुरत हजारो-लाखो वर्षं ते दगड विरघळवत राहतं आणि भेगेची गल्ली होते, गल्लीचं दालन होतं. असा पाण्यानं विरघळून पोखरलेला प्रदेश म्हणजेच तिच्या धड्यातलं कार्स्ट. आपल्याकडं बेसाल्ट, काळा कातळ, तो असा विरघळत नाही, खरोश्याला जांभा आहे त्याचंही तेच, म्हणून मराठवाड्यात लेणी भरपूर पण असल्या गुहा नाहीत.

आता जायचं कुठं, तर बेलम. आंध्रच्या नंद्याल जिल्ह्यात कोलिमिगुंड्लाजवळ, आणि गंमत म्हणजे आपल्या ओट्याचा कडप्पा येतो त्याच भागातली ही गुहा. ३२२९ मीटर लांबी मोजलेली आहे, त्यातली साधारण दीड किलोमीटर लोकांना खुली. रॉबर्ट ब्रूस फूट ह्या इंग्रज भूवैज्ञानिकानं १८८४ मध्ये हिची नोंद केली, मग जवळपास शंभर वर्षं कुणी फारसं बघितलं नाही, १९८२-८३ ला जर्मन गुहाशोधकांनी आत उतरून मोजमाप केलं आणि २००२ पासून ती सगळ्यांसाठी उघडली.

रस्ता असा. औशाहून तुळजापूरमार्गे सोलापूरची एसटी, महिलांना अर्धं तिकीट आहेच. सोलापूरहून चेन्नईकडं जाणारी गाडी, कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंतकल करत ताडिपत्री. सगळ्या गाड्या ताडिपत्रीला थांबत नाहीत, रिझर्वेशन करताना तेवढं बघून घ्या, नाहीतर गुत्तीला किंवा गुंतकलला उतरून पुढं जायचं. ताडिपत्रीच्या स्टँडवरून बेलम तीसेक किलोमीटर.

माझं ऐकाल तर जाताना दिवसाची गाडी धरा आणि खिडकी सोडू नका. सोलापूर सोडलं की कलबुर्गीपर्यंत आपलीच काळी जमीन दिसते, मग शहाबाद येतं, हो तेच, शहाबादी फरशीचं, आणि रुळाच्या बाजूला खाणीत फरश्यांसारखे थरावर थर दिसायला लागतात, पुढं वाडीला सिमेंटचा कारखाना, म्हणजे चुनखडक आला हे न सांगता कळतं. कृष्णा ओलांडली की रायचूरजवळ ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे एकावर एक. ताडिपत्रीला पुन्हा चुनखडक. भूगोलाच्या मुलीला याहून चांगली सहल मला सुचत नाही, आणि हे विमानातून किंवा रात्रीच्या एसी बसमधून दिसत नाही.

बेलमला पोचल्यावर पहिल्यांदा वाटेल की चुकीच्या जागी आलो. डोंगर नाही काही नाही, सपाट रान, आणि रानात विहिरीसारखे खड्डे. त्यातल्याच एका खड्ड्यातून पायऱ्या खाली जातात. आत दिवे लावलेत, वाट नीट केलीय, पण दमट इतकं की दहा मिनिटांत अंगावरचा कपडा चिकटतो, मध्ये मध्ये वरून हवा सोडतात तिथं दोन मिनिटं उभं राहा. साधा सुती सलवार-कुर्ता बरा, साडी नको, काही ठिकाणी वाकून जावं लागतं. शेवटी पाताळगंगा, गुहेतली सगळ्यात खोल जागा, तिथं एक बारीक ओढा येतो आणि दगडाखाली जातो, बस, पुढं दिसत नाही. मी तिथं उकिडवी बसून हात पाण्यात घातला होता, वर एवढं उन्ह आणि हे पाणी थंडगार, आणि ते कुठं चाललंय ते माझ्या हाताला कळत होतं पण डोळ्याला दिसत नव्हतं. माझ्यासाठी अख्खा प्रवास त्या एका मिनिटासाठी होता.

चालायचं म्हणाल तर बेलमला फार नाही, त्यासाठी दुसऱ्या दिवशी यागंटी करा. बनगानपल्लीहून (बैंगनपल्ली आंबा ह्याच गावाचा) बस किंवा शेअर रिक्षा. उमामहेश्वराचं देऊळ, मागं उभे कडे, कड्यात नैसर्गिक गुहा आणि तिथं चढायला उंच उंच पायऱ्या. देवळाच्या पुष्करणीत डोंगराच्या पायथ्यातून पाणी येतं, वर पडलेला पाऊस भेगांतून झिरपून खाली असा बाहेर पडतो. ताडिपत्रीला गाडीची वाट बघायची असेल तर पेन्ना नदीकाठचं बुग्गा रामलिंगेश्वर बघून घ्या, तेलुगूत बुग्गा म्हणजे झरा, पिंडीपाशीच झरा आहे. कोरीव काम तर बघत राहावं असं.

आता जे मी चुकून शिकले ते. पहिल्या वेळी मी सकाळी आरामात निघाले, दुपारी गुहेतून वर आले, चहा घेतला, फोटो काढले आणि रस्त्यावर उभी राहिले, बस एक नाही दोन नाही. अंधार पडला तेव्हा एका शेंगांच्या टेम्पोवाल्या दादानं त्याच्या बायकोशेजारी बसवून ताडिपत्रीला सोडलं. दर वेळी असा देवमाणूस भेटेलच असं नाही. म्हणून उतरल्या उतरल्या, गुहेचं तिकीट काढायच्याही आधी, कंडक्टरला आणि हॉटेलवाल्याला दोघांनाही विचारायचं, "चिवरि बस एप्पुडु?" म्हणजे शेवटची बस कधी. दोघांची उत्तरं वेगळी आली तर लवकरची खरी मानायची.

दुसरं पाणी. आपण डोंगरात फिरताना टाकं, झरा, ओढा सापडेल ह्या हिशोबानं चालतो, तो हिशोब इथं चालत नाही कारण पाणी वर थांबतच नाही, खाली निघून जातं. माणशी तीन लिटर घ्या. रानात खड्डा दिसला तर काठावर जाऊन वाकू नका, कडा पोकळ असू शकते. दिवे नसलेली गुहा दिसली तर आत जायचं नाही, कितीही मोह झाला तरी, आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही, लांब कुठं पाऊस पडला तरी आत पाणी भरतं. नोव्हेंबर ते जानेवारी चांगला.

प्रश्न : इतक्या लांब जाणं होत नाही. जवळ काही आहे का? चुनखडकच नाही म्हटल्यावर लवणस्तंभ नसतीलच ना?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आहेत ना. नगरच्या पारनेर तालुक्यात वडगाव दर्या. नगरपर्यंत एसटी, पुढं टाकळी ढोकेश्वर किंवा कान्हूर पठारपर्यंत गाडी आणि उरलेलं चालत नाहीतर जीपनं. दरीत दर्याबाई-वेल्हाबाईचं ठाणं आहे आणि तिथल्या गुहेत छतातून उतरलेले लवणस्तंभ. बेसाल्टमध्ये चुना थोडाच असतो पण असतो, पाणी तो सोबत आणतं आणि टपकताना मागं ठेवतं. तुमच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून जो पांढरा थर धरतो, शेतात जी चुनखडी लागते, तेच हे. हात लावू नका, हाताचं तेल लागलं की वाढ थांबते, आणि तोडून घरी आणणाऱ्यांना तर मी काय बोलू, टपकत टपकत किती पिढ्यांत बनलेलं ते, एका सेकंदात जातं. लेकरं सोबत असतील तर दरीत उतरायच्या आधीच त्यांना हे सांगा.

प्रश्न : वडील ६८ चे, गुडघे दुखतात, पण बोरा गुहा बघायची फार इच्छा आहे. नांदेडहून रेल्वे आहे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नागावली एक्स्प्रेस नांदेडहून थेट विशाखापट्टणमला जाते, रोज नाही, वार बघा. तिथं मुक्काम करून सकाळची किरंदुल पॅसेंजर, बोरा गुहालु नावाचं स्टेशनच आहे. घाटात पन्नासहून जास्त बोगदे आहेत, वडिलांना त्यातच निम्मा आनंद मिळेल. गुहेत मात्र पायऱ्या बऱ्याच आणि ओल्या असतात. पण तोंडच एवढं मोठं आहे की पहिल्या दालनात उजेड आपोआप येतो, तिथपर्यंत काठी घेऊन सावकाश उतरवा, बसवा, तुम्ही पुढं जाऊन या. परत येईपर्यंत त्यांच्याजवळ कुणीतरी थांबा, एकटं ठेवू नका.