टब फिरेना, नुसती घरघर

प्रश्न : सेमी-ऑटोमॅटिक मशीन धुते, पण स्पिनचा टब फिरत नाही, नुसता घरघरतो. – एक वाचक, मालवण

उत्तर : घरघर येते म्हणजे मोटरला वीज मिळते आहे, झाकणाचा स्विच, टायमर ठीक. प्लग काढून मागचं पत्र्याचं झाकण उघडा. स्पिनचं झाकण बंद ठेवून मोटरवरचा ब्रेक-ड्रम (मोटरच्या दांड्यावरची गोल चकती, हिलाच ब्रेक लागतो) हाताने फिरवा. (स्पिनचं झाकण उघडं असताना ब्रेक लागलेलाच असतो, तेव्हा फसू नका.) जड लागला तर स्पिनच्या झाकणापासून ब्रेककडे जाणारी तार पाहा, खाऱ्या हवेत ती गंजून अडकते, ब्रेक सुटत नाही. तार बदलाच, नुसतं तेल घालून भागत नाही, ते टिकत नाही. ड्रम हलका फिरला तर संशय कपॅसिटरवर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा, वीज साठवणारा छोटा भाग). नवा घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा (µF, म्हणजे क्षमतेचा) आकडा तोच हवा, व्होल्ट कमी नकोत. जुन्याच्या टोकांना हात लावू नका, त्यात चार्ज (साठलेली वीज) उरलेला असू शकतो.