वारीत छायाचित्रे काढायची असतील, तर आधी एक दिंडी धरा

नमस्कार. यंदा माउलींच्या पालखी सोहळ्यात छायाचित्रे काढण्यासाठी आपल्याला दोनच दिवस मिळणार आहेत. ते दिवे घाटाला द्यावेत का, आणि वारकऱ्यांना न दुखावता जवळून चित्रे कशी घ्यावीत, असे आपण विचारले आहे.

माझे मत स्पष्ट आहे. दिवे घाट सोडावा. वळणावरून दिसणारा पताकांचा प्रवाह सुंदर असतो यात शंका नाही, पण तेथे आपण वारी उंचावरून पाहतो आणि वारकऱ्याचा चेहरा आपल्याला भेटतच नाही. त्याऐवजी लोणंद ते तरडगाव आणि तरडगाव ते फलटण हे दोन टप्पे पायी चालावेत. आदल्या संध्याकाळी लोणंदच्या तळावर पोहोचून एखाद्या दिंडीच्या चालकांना भेटावे, आपण कोण, चित्रे कशासाठी काढणार हे सांगावे आणि परवानगी मागावी. दिंडीला क्रमांक असतो आणि ती रथापुढची की रथामागची हेही ठरलेले असते, त्यामुळे गर्दीत चुकलात तरी दिंडी पुन्हा सापडते. पहिले दोन तास कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

दिंडीची रचना समजून घेतल्याशिवाय तिच्या जवळ जाऊ नये. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणेकरी आणि त्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या महिला, असा हा क्रम असतो. चाल सुरू असताना रांग तोडून आडवे जाणे किंवा वीणेकऱ्यापुढे उलट्या पावलांनी चालत राहणे हा भजनात आणलेला व्यत्यय आहे. कडेने, त्यांच्याच गतीने चालावे. मी दूरची लेन्स नेत नाही, पस्तीस मिलिमीटरची एकच नेतो. तिच्यामुळे मला माणसाच्या इतके जवळ जावे लागते की त्याच्या नकळत चित्र घेताच येत नाही, आणि मला तेच हवे असते.

आपल्या पहिल्याच दिवशी तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब या ठिकाणी सोहळ्यातील पहिले उभे रिंगण होते. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधून स्वाराचा अश्व व त्याच्याबरोबर माउलींचा अश्व धावतो. माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही, कारण त्यावर माउली आरूढ आहेत अशी श्रद्धा आहे. अश्व गेल्यावर लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. खरे चित्र मला नेहमी या मातीपाशी मिळाले आहे, धावेपाशी नाही. धावेच्या वेळी मोकळ्या वाटेत हात किंवा कॅमेरा पुढे काढणे अश्वाच्या आणि आपल्याही जिवावर बेतू शकते. ड्रोनचा विचारही करू नये.

पहाटे टँकरपाशी किंवा नदीकाठी महिला स्नान करतात, ओली लुगडी वाळत घालतात, उघड्यावर झोपतात. तेथे कॅमेरा बाहेर काढायचाच नाही, कोणी पाहत नसले तरीही. फोड आलेल्या पायांचे चित्र घ्यायचे असेल, तर आधी शेजारी बसून विचारपूस करावी. संध्याकाळच्या समाजआरतीला चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की अफाट जमाव शांत होतो, आणि ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. त्या शांततेत फ्लॅश नको, शटरचा आवाजही नको.

काही वर्षांपूर्वी एका आजींनी मला विचारले होते, "माउली, माझा फोटो कुठं जाणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून मी वहीत दिंडीचा क्रमांक आणि गावाचे नाव लिहून घेतो, चित्रे कागदावर छापतो आणि पुढच्या वर्षी त्याच दिंडीत नेऊन देतो. कोणी नको म्हटले, तर ते चित्र त्यांच्यासमोरच पुसतो. पैसे देऊन पुन्हा फुगडी घालायला लावणारे लोकही मी पाहिले आहेत, आणि तशा चित्राला मी वारीचे चित्र मानत नाही.

सोबत कॅमेऱ्यासाठी पावसाचे आवरण आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या ठेवाव्यात. दिंडीत पंगतीला बसवतील तेव्हा बसावे, वाढायलाही उठावे, आणि निघताना दिंडीच्या भिशीत, म्हणजे जेवणाच्या सामाईक खर्चात, आपला वाटा द्यावा.